कामाच्या रगाड्यात देवाजवळचा विसावा : तुम्हाला कसा मिळतो?

ओंजळ

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न आज मांडते आहे.

मी नोकरी करते. घरी आई अंथरुणाला खिळून आहे, मुलं शाळेत आहेत. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत कुणाला ना कुणाला माझ्याकडून काहीतरी हवं असतं. तक्रार नाही. ही सगळी माझीच माणसं आहेत आणि कामही मला आवडतं. पण या सगळ्यात देवाजवळ बसणं हेसुद्धा हळूहळू एक काम होऊन बसलं आहे. पहाटे उठायचं, पवित्र शास्त्रातला उतारा वाचायचा, प्रार्थना करायची आणि मनातल्या यादीत बरोबरची खूण करायची. प्रार्थनेवरून उठते तेव्हा पुढच्या कामाची घाई आधीच अंगात भिनलेली असते.

"अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या, म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." मत्तयाच्या ११ व्या अध्यायातलं हे वचन मला संडे स्कूलपासून पाठ आहे. मी त्याच्याकडे जातेही. पण परत येते ती तशीच, तेवढंच ओझं घेऊन.

वेळेचं नियोजन कसं करावं हे कृपया सांगू नका, ते पुष्कळ वाचून झालं. मला विचारायचं आहे ते असं: दिवस थांबत नसेल तर माणसाला आतून थांबता येतं का? तुमच्यापैकी कुणाला जमलं असेल तर कसं जमलं? कुठल्याही परंपरेतल्या माणसाने लिहावं, मला ऐकायचं आहे.

संथ_पाणी

अगदी माझ्याच मनातलं. उत्तर माझ्याकडे नाही, पण धागा वाचत राहणार.

जुनी_पणती

ओंजळ, तुमचं वाचून मला सगळ्यात आधी पवित्र शास्त्रातला एलीया संदेष्टा आठवला. पहिले राजे, अध्याय १९. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा प्रसंग घडून गेलेला, आणि लगेच ईजबेल राणीचा निरोप येतो की तुला जिवंत सोडणार नाही. एलीया पळत सुटतो. रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे, परमेश्वरा, माझा प्राण घे. एवढं बोलून तिथेच झोपी जातो.

आता देव काय करतो ते बघा. त्याला उपदेश करत नाही. तुझा विश्वास कुठे गेला असं विचारत नाही. देवदूत येतो, त्याला हात लावून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला लावतो, कारण पुढची वाट तुला झेपणार नाही म्हणतो. मग चाळीस दिवसांची चाल, मग होरेब डोंगर, मग वारा, भूकंप, अग्नी आणि सगळ्यात शेवटी ती मंद वाणी.

आपण प्रवचनांत थेट मंद वाणीवर येतो. मला वाटतं, भाकर आणि झोप वगळून तिथे पोचता येत नाही. देवाने एलीयाच्या शरीराची काळजी आधी घेतली, आणि ती काळजी हीच देवाची उपस्थिती होती. ती झुडपाखालीच सुरू झाली होती, डोंगरावर नाही.

आमच्या घरात पाळकपण पिढ्यांचं. दमून आलेली माणसं दारात खूप पाहिली. माझे यजमान अशा माणसाला पहिला प्रश्न विचारायचे: झोप होते का? ती होत नसेल तर आत्मिक कोरडेपणाचं निदान करायची त्यांना घाई नसे. तुमची होते का?

ओंजळ

नाही, पणतीताई. आई रात्री दोन-तीन वेळा उठवते. हा प्रश्न मला अजून कुणी विचारला नव्हता.

अक्षरवाट

इथे ब्रदर लॉरेन्सचं नाव यायलाच हवं, म्हणून लिहितो.

मूळ नाव निकोलास हेर्मान, जन्म १६१४, फ्रान्सच्या सीमेवरच्या लोरेन प्रांतात. तरुणपणी सैनिक होता, तीस वर्षांच्या युद्धात जखमी झाला आणि जन्मभर लंगडला. १६४० मध्ये पॅरिसच्या कार्मेलाइट मठात साधा बंधू म्हणून दाखल झाला. शिक्षण फारसं नाही, त्यामुळे वाट्याला मठाचं स्वयंपाकघर आलं. ते काम त्याला मनापासून नकोसं होतं, आणि तिथेच त्याने बरीच वर्षं काढली. पुढे पाय साथ देईनासा झाल्यावर वहाणा दुरुस्तीचं बसून करायचं काम मिळालं. १६९१ मध्ये वारला. स्वतः होऊन त्याने पुस्तक लिहिलं नाही. त्याची पत्रं आणि त्याच्याशी झालेली संभाषणं मृत्यूनंतर छापली गेली, आणि ती आजही जगभर वाचली जातात.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ या माझ्यासाठी वेगळ्या नाहीत. भांड्यांच्या खडखडाटात, चारजण एकाच वेळी चार गोष्टी मागत असतानाही देव माझ्याजवळ तितकाच असतो जितका वेदीपुढे गुडघे टेकताना. तो देवाशी साध्या शब्दांत बोलत राही. काम सुरू करताना मदत मागे, झाल्यावर आभार मानी, चुकलं तर क्षमा मागून पुढे जाई, त्यावर कुढत बसत नसे.

यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे शेवटचं. आपली निम्मी दमणूक स्वतःला कोसण्यातून येते. प्रार्थनेत मन भरकटलं की आपण स्वतःवरच खटला चालवतो. लॉरेन्स म्हणे, मन परत आणा आणि पुढे चला.

ओंजळ

अक्षरवाट, मनापासून आभार. पण एक शंका. स्वयंपाक, वहाणा, झाडलोट ही हातांची कामं आहेत. हात गुंतलेले असले तरी मन मोकळं राहतं. माझं काम डोक्याचं आहे. हिशेब तपासताना किंवा कुणाशी वाटाघाटी करताना मन पूर्ण भरलेलं असतं. तिथे देवाचं स्मरण ठेवायला गेले तर हिशेब चुकेल, आणि हिशेब नीट केला तर देव तासन्‌तास आठवत नाही. मग संध्याकाळी वाटतं, आज दिवसभर मी त्याच्याशिवायच होते.

संथ_पाणी

हा प्रश्न फार खरा आहे. मी शिकवतो. वर्गात उभा असताना दुसरं काही मनात ठेवणं अशक्य असतं.

मावळतीचं_ऊन

ओंजळ, "त्याच्याशिवायच होते" या तुमच्या शब्दांपाशी मी थांबलो.

पवित्र शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाचा ३३ वा अध्याय काढून बघा. सोन्याच्या वासराचा प्रकार नुकताच घडून गेलेला. लोक हट्टी, मोशे पार थकलेला, आणि पुढे रानातला मोठा प्रवास. तो देवाला म्हणतो, माझ्याबरोबर कुणाला पाठवणार ते तू मला सांगितलं नाहीस. तेव्हा देव म्हणतो, मी स्वतः तुझ्याबरोबर येईन आणि तुला विसावा देईन. हे वचन मोशेला सुट्टीवर असताना मिळालेलं नाही. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं त्याला रानात तेच लोक सांभाळायचे होते, तीच कुरकुर ऐकायची होती. विसाव्याचं वचन त्या कामासकट आहे.

आणि वचनाची दिशा बघा. तू माझी आठवण ठेवशील तर मी येईन, असं देव म्हणत नाही. येणं त्याच्याकडे आहे. तुम्ही हिशेबात बुडालेल्या असता तेव्हा तुमचं लक्ष त्याच्याकडे नसतं हे खरं, पण त्याचं तुमच्याकडे असतं. देवाची उपस्थिती माझ्या एकाग्रतेवर टिकून आहे असं मानलं की तीही मलाच पेलावी लागते, आणि आधीच वाकलेल्या खांद्यांवर आणखी एक ओझं चढतं. मला वाटतं, तुमची पहाटेची प्रार्थना काम होऊन बसली त्याचं मूळ इथे असावं.

डोक्याच्या कामात मग करायचं काय? नहेम्याचा दुसरा अध्याय वाचा. तो राजाचा प्यालेबरदार. चेहरा उतरलेला पाहून राजा विचारतो, तुला काय हवंय? प्रश्न साधा नाही, उत्तर चुकलं तर जिवावर बेतेल. नहेम्या लिहितो की मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि मग राजाला म्हणालो. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये किती वेळ असेल? एक श्वास. गुडघे टेकणं नाही, डोळे मिटणं नाही. पण पहिल्या अध्यायात हाच माणूस पुष्कळ दिवस शोक, उपास आणि प्रार्थना करत बसलेला दिसतो. त्या लांब प्रार्थनेतूनच हा श्वास आला.

तेव्हा हिशेब करताना हिशेबच करा. पूर्ण लक्ष देऊन केलेलं काम देवाला वाहिलेलं असू शकतं. फक्त दोन कामांच्या मधे जो सांधा असतो, फोन ठेवल्यावर, दार उघडण्याआधी, तिथे त्याच्याकडे वळा. बोलायला काही नसलं तरी चालतं.

वारी_मनातली

मी वारकरी घरातला आहे. आपली परवानगी गृहीत धरून लिहितो.

हरिपाठाचा पहिलाच अभंग सांगतो, "देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी". क्षणभरच. ज्ञानोबांनी तासाभराची अट घातलेली नाही. आणि त्याच अभंगात पुढे "असोनि संसारीं" हे शब्द येतात. संसार सोडून नव्हे, संसारात असूनच. मावळतीचं_ऊन यांनी दोन कामांमधल्या सांध्याबद्दल लिहिलंय ना, ते मला अगदी घरचं वाटलं.

आणि जनाबाई. नामदेवांच्या घरची दासी. तिच्या वाट्याला आलेलं काम तिने निवडलेलं नव्हतं, आणि त्यातून सुटकाही नव्हती. तिचे अभंग त्या कामातच उभे आहेत, "दळिता कांडिता तुज गाईन अनंता". पण तिच्या अभंगांत मला जास्त भिडतं ते वेगळंच. तिथे विठ्ठल नुसता ऐकत नाही, तो तिच्याबरोबर दळू लागतो, तिचं काम वाटून घेतो. देवाला आपल्या कामाची लाज नाही, हा केवढा मोठा दिलासा आहे.

आमच्याकडे नामस्मरणात मन लागलं पाहिजे असा धाक कुणी घातला नाही. माझी आजी म्हणायची, तोंडाला नाम असू दे, मन येईल मागून.

जुनी_पणती

वारी_मनातली, परवानगी कसली, घर आपलंच आहे. आजींचं म्हणणं लिहून ठेवलं.

खडा_सवाल

सगळं वाचलं. सुंदर आहे, आणि तरी मला इथे जोराने विरोध नोंदवायचा आहे.

"कामातच देव भेटतो" हे वाक्य फार वेळा दमलेल्या माणसाला आणखी राबवायला वापरलं जातं. विशेषतः बाईला. ती म्हणते मी थकले, आणि तिला सांगितलं जातं की सेवा हीच प्रार्थना. म्हणजे विसावाही तिनेच आतल्या आत कुठेतरी तयार करायचा, आणि बाहेरचं काहीही बदलायचं नाही. ओंजळताईंच्या आई रात्री उठवतात, त्यांची झोप होत नाही, आणि आपण त्यांना लॉरेन्स वाचायला देतो आहोत.

पवित्र शास्त्रात विसावा ही आज्ञा आहे. दहा आज्ञांपैकी एक, आणि सगळ्यात लांब. ती दोनदा येते आणि दोन्हीकडे कारण वेगळं दिलं आहे. निर्गम २० मध्ये कारण सृष्टीचं: परमेश्वराने सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात कारण गुलामगिरीचं: तू मिसरात दास होतास हे लक्षात ठेव. दासाला थांबायची मुभा नसते. जो थांबू शकतो तो मोकळा माणूस. फारोच्या राज्यात विटांचा आकडा कधी कमी होत नसे, उलट पेंढा देणं बंद करून आकडा तोच ठेवला होता (निर्गम ५). त्या राज्यातून बाहेर काढलेल्या लोकांना देव पहिल्यांदा काय शिकवतो? थांबायला. सीनाय डोंगर यायच्या आधीच, १६ व्या अध्यायात, मान्नाच्या, म्हणजे रानात देवाने रोज पुरवलेल्या अन्नाच्या वेळी. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करा, सातव्या दिवशी बाहेर पडू नका. काहीजण तरी गेलेच, आणि त्यांना काही मिळालं नाही.

आणखी एक. त्या आज्ञेत तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझं गाढव, तुझ्या वेशीच्या आतला परका अशी यादी आहे. अनुवादात तर स्पष्ट म्हटलंय, तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा म्हणून. म्हणजे माझा विसावा दुसऱ्याच्या पाठीवर उभा असेल तर तो शब्बाथ, म्हणजे आज्ञेतला विसाव्याचा दिवस नव्हे. घरातला एकजण शांतपणे मनन करतो आहे आणि दुसरी त्याच वेळी त्याचंही काम उरकते आहे, हे चित्र देवाच्या आज्ञेत बसत नाही.

म्हणून ओंजळताईंना माझा प्रश्न सरळ आहे. तुमच्या घरात, नात्यात, चर्चच्या मंडळीत आईंजवळ आठवड्यातून काही तास बसू शकेल असं कुणीच नाही का? की तुम्ही कुणाला विचारलेलं नाही?

अक्षरवाट

खडा_सवाल, तुमचा मुद्दा पटला, आणि लॉरेन्सच्या बाजूने एवढंच जोडतो की तो मठात राहत होता. दिवसाच्या ठरलेल्या प्रार्थना त्याला होत्याच, दिवस थांबवणारी घंटा होती, काम वाटून घेणारे बंधू होते. घंटा काढून टाकली आणि नुसता "कामातच देव" ठेवला तर त्याची शिकवण अर्धीच राहते. दानीएलही एवढ्या मोठ्या राज्याचा कारभार पाहत असताना दिवसातून तीन वेळा खिडकीपाशी गुडघे टेकायचाच.

मावळतीचं_ऊन

मीही सहमत. मार्कच्या सहाव्या अध्यायात हे दोन्ही एकत्र येतं. शिष्य कामगिरीवरून परत आलेत, येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे त्यांना जेवायलाही सवड नाही. येशू म्हणतो, रानात एकीकडे चला आणि थोडा विसावा घ्या. होडीत बसून निघतात, पण लोक पायी धावत आधीच पलीकडे पोचलेले असतात. येशूला त्यांचा कळवळा येतो आणि ठरवलेली विश्रांती तिथेच मोडते.

पुष्कळजण गोष्ट इथे थांबवतात आणि निष्कर्ष काढतात की गरजवंतांपुढे विश्रांती गौण. पण पुढे वाचा. पाच हजारांना जेवू घातल्यावर तो शिष्यांना होडीत बसवतो, लोकांना निरोप देतो आणि एकटा डोंगरावर प्रार्थनेला जातो. मोडलेली विश्रांती त्याने सोडून दिली नाही, पुढे ढकलली आणि घेतली. पहिल्या अध्यायात तर याहून ठळक आहे. तो पहाटे अंधारातच एकांतात जाऊन प्रार्थना करतो आहे, शिमोन शोधत येतो आणि म्हणतो, सगळे तुम्हाला शोधताहेत. येशू परत फिरत नाही. म्हणतो, आपण दुसऱ्या गावांना जाऊ. त्याला शोधणारे सगळे खरोखर गरजू होते. तरी त्या दिवशी त्यांना त्याने नाही म्हटलं. देवाच्या पुत्राने.

चिमणपाखरं

माझं तान्हं बाळ आहे आणि मोठी तीन वर्षांची. मला आठवड्याचा एक दिवस वगैरे स्वप्नातही दिसत नाही. शास्त्र उघडलं की बाळ उठतं. वरचं सगळं वाचून उलट जास्तच मागे पडल्यासारखं वाटलं.

जुनी_पणती

चिमणपाखरं, अगं, तू कुठेही मागे पडलेली नाहीस. तुझ्यासाठी स्तोत्र १२७ ची दुसरी ओवी. पहाटे उठणं, रात्री उशिरापर्यंत जागणं आणि कष्टाची भाकर खाणं व्यर्थ आहे, तो आपल्या प्रियजनांना झोप देतो. बाळ झोपलं की तूही झोप. शास्त्र उशाशी असू दे, बंद असलं तरी चालेल. झोपताना एकच म्हण, प्रभू, मी झोपते, तू जागा आहेस. स्तोत्र १२१ सांगतं की इस्राएलाचा रक्षक झोपत नाही की डुलकीही घेत नाही. मला तरुणपणी याची फार मदत झाली. माझ्या डोळ्यांवर झापड येते तेव्हा राखण संपत नाही.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात दिवस मोजतात तो संध्याकाळपासून, संध्याकाळ झाली व सकाळ झाली. म्हणजे दिवसाची सुरुवात आपल्या झोपेने होते. आपण झोपेत असताना देवाचं काम चालू असतं, सकाळी उठून आपण त्यात सामील होतो. आणि माणूस सहाव्या दिवशी घडवला, तेव्हा त्याचा पहिला पूर्ण दिवस कुठला? सातवा. काहीही करून दाखवण्याआधी विसावा.

चिमणपाखरं

हे वाचून डोळे भरून आले. बाळ झोपलंय, मी पण झोपते.

संथ_पाणी

मला वेगळं विचारायचं आहे. मला वेळ मिळतो. शांत बसतोही. पण बसल्यावर काहीच वाटत नाही. सगळे लिहितात की शांतीने मन भरून आलं. माझं भरत नाही. मग ते बसणं फुकट का?

अक्षरवाट

लॉरेन्स एका पत्रात लिहितो की सुरुवातीची दहा वर्षं त्याने फार क्लेशात काढली. आपण देवाला हवे तसे नाही, आपली पापं समोर उभी आहेत, असं त्याला सारखं वाटे. एवढ्या काळानंतर कुठे शांती आली. ज्याला आपण सहज देवाजवळ राहणारा माणूस समजतो त्याची ही गोष्ट आहे. दहा वर्षं काही वाटत नसताना तो जागेवर टिकून राहिला.

मावळतीचं_ऊन

संथ_पाणी, स्तोत्र १३१ वाचा. तीनच ओव्या. मी माझा जीव शांत व निवांत केला आहे, दूध तुटलेलं मूल आईजवळ असतं तसा. तान्हं मूल आईजवळ येतं ते दुधासाठी, आणि मिळेपर्यंत रडतं. दूध तुटलेलं मूल येतं ते आईसाठी. त्याला तिच्याकडून काही घ्यायचं नसतं, नुसतं मांडीवर असायचं असतं. तुमचं ते काही न वाटता बसणं मला या मुलाच्या बसण्यासारखं दिसतं. भावना आली तर देणगी, तिच्यासाठी आपण बसत नाही. मी तर म्हणेन, काही मिळत नसताना जो बसून राहतो त्याचं बसणं जास्त प्रेमाचं आहे.

हे स्तोत्र सुरू कसं होतं तेही बघा: माझं मन गर्विष्ठ नाही, माझ्या आवाक्याबाहेरच्या मोठ्या गोष्टींत मी पडत नाही. शांत होण्याआधी त्याने काहीतरी हातातून सोडलं आहे. सगळं माझ्यावाचून अडेल हा समज. माझी घाई बहुतेक वेळा त्याच समजातून येते, कामांच्या संख्येतून नाही. काम कमी असलेल्या दिवशीही मी धापा टाकत असतो.

वारी_मनातली

"सगळं माझ्यावाचून अडेल हा समज." हे आमच्या कीर्तनकारांनी शंभर प्रकारे सांगितलंय, पण आज नीट उमगलं.

ओंजळ

सगळ्यांची उत्तरं पुन्हा पुन्हा वाचली. खडा_सवाल, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की मी कुणाला विचारलेलं नव्हतं. आईचं मीच नीट करू शकते असं मनात पक्कं होतं. काल उपासनेनंतर मंडळीतल्या एका बाईंशी बोलले. त्या रविवारी दुपारी आईजवळ बसायला लगेच तयार झाल्या. आईही त्यांना ओळखते.

मावळतीचं_ऊन, मत्तयातलं वचन आता पुढच्या दोन ओव्यांसकट वाचते आहे. येशू जू काढून टाकतो असं तिथे म्हटलेलंच नाही. माझं जू आपणांवर घ्या आणि माझ्यापासून शिका, असं म्हणतो. शिकणं म्हटलं की वेळ लागणार, हे कळल्यावर जरा सैल झाले.

आता दोन साध्या गोष्टी विचारते. कामाच्या मधल्या त्या सांध्यात तुम्ही नेमकं म्हणता काय? आणि रविवारी दुपारी मिळणाऱ्या वेळात मी काय करू? खरंच सुचत नाहीये.

अक्षरवाट

पहिल्याचं उत्तर. इजिप्तच्या वाळवंटातले जुने साधू कामात असताना अगदी लहान प्रार्थना करायचे, बाण सोडल्यासारख्या. ऑगस्टिनने एका पत्रात याचा उल्लेख केला आहे, आणि लांब प्रार्थनेत लक्ष बोथट होतं म्हणून ही पद्धत चांगली असं त्याचं मत दिसतं. त्याच काळातल्या जॉन कॅसियनने त्या साधूंकडून एकच ओवी आणली, स्तोत्र ७० ची पहिली: देवा, मला सोडवायला ये, परमेश्वरा, माझ्या मदतीला त्वरा कर. काम करताना, प्रवासात, झोपताना, भीती वाटताना, आनंदातसुद्धा हीच. मी हीच म्हणतो. कठीण बैठकीला जाताना पहिला अर्धा भाग, बाहेर पडताना नुसतं "परमेश्वरा".

मावळतीचं_ऊन

मी दाराच्या मुठीला हात लावला की "तू इथे आहेस" एवढंच. ऑफिसचं दार, घराचं दार, आजाऱ्याच्या खोलीचं दार.

खडा_सवाल

ओंजळताई, तुम्ही विचारलंत याचा फार आनंद झाला. रविवार पक्का करा, अधूनमधून नको. आणि त्या बाईंनाही त्यांचा विसावा मिळतो ना, ते बघा. आणखी एखादी व्यक्ती तयार झाली तर पाळी लावता येईल.

जुनी_पणती

दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडून. ओंजळ, पहिले काही रविवार झोपा. प्रार्थनेची यादी घेऊन बसू नका, मागे पडलेलं वाचन भरून काढू नका. झोप पुरी झाली आणि वेळ उरला तर स्तोत्र १३१ एकदा वाचा आणि खिडकीशी बसा. काही सुचलं तर देवाशी बोला, नाही सुचलं तर नका बोलू. घरात राहिलात तर आईंच्या खोलीकडे कान लागतील, म्हणून जमल्यास बाहेर पडा. आणि तिथून त्या बाईंना फोन करून औषध दिलं का म्हणून विचारू नका. निघताना सगळं लिहून ठेवा, फोन जवळ असू द्या, अडचण आली तर त्या करतील.